आज्ञार्थ

“एवढा एक शब्द कळू नये तिला, बुवा? एक अक्षर. ‘ये’!”

नरहर मास्तरांचा आवाज मठाच्या पडवीत जरा जास्तच घुमला. पायरीवर पहुडलेलं मांजर उठून गेलं.

सखोबुवा चिंचेतले चिंचोके काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणाला कळत नाही म्हणतोस?”

“बकुळला. माझ्या मुलीला.”

बकुळ खांबाला टेकून बसली होती. सहा वर्षांची पोर. तिची वाढ मंद आहे, हे डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगितलं होतं. बोलत नसे. हाक मारली तर बघेलच असं नाही. आत्ता एक चिंचोका या हातातून त्या हातात करत होती आणि त्यातच खूश होती.

मास्तर म्हणजे पंचक्रोशीत व्याकरणाचा शेवटचा शब्द. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ... त्यांचे विद्यार्थी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. स्वतः मास्तरांनी पहिली बाराखडी याच पडवीत, बुवांसमोर गिरवली होती. अलीकडे ही गोष्ट ते कुणाला सांगत नसत.

“डॉक्टर म्हणाले, एका वेळी एकच शब्द घ्या. शब्द आणि कृती जोडीनं दाखवा. रोज, न चुकता. हिची आई, कुमुद गेली, तेव्हापासून मीच शिकवतोय. सगळ्यात सोपा शब्द घेतला. दगडही शिकला असता एव्हाना.”

“आणि ती?”

“उलटं करते. ‘ये’ म्हटलं की उठते आणि दाराकडे चालू लागते. उंबऱ्याशी जाऊन वळते आणि हात हलवते. टाटा करते मला! चिडवते, बुवा.”

“मग तू काय करतोस?”

“त्या हातावर मारतो.”

बुवांनी चिंच खाली ठेवली. बकुळच्या मनगटापाशी एक वळ होता. तो त्यांनी आत्ता पाहिला.

“मलाही बरं वाटत नाही मारून,” मास्तर म्हणाले. “म्हणून ठरवून टाकलंय. घाटाखाली एक संस्था आहे, अशी मुलं ठेवून घेतात. उद्या सोडून येतो तिला. तुमचा आशीर्वाद हवा होता.”

“मुलीला सोडायला आशीर्वाद?”

“ती शिकणार नाही, बुवा. मी शिकवून जे शिकलं नाही, असं एकही पोर आजवर झालं नाही.”

बुवा बकुळच्या मनगटाकडे बघत राहिले.

मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग उठले, उपरणं खांद्यावर टाकलं, बुवांच्या पाया पडले. आवाजात राग होताच.

“बरं. येतो, बुवा.”

“ये,” बुवा सवयीनं म्हणाले.

बकुळ उठली.

चिंचोका तिथंच टाकून ती सरळ मठाच्या दाराकडे गेली. उंबऱ्याशी वळली. बुवांकडे बघून हात हलवू लागली.

“बघा! हेच ते! आत्ता तर कुणी तिला बोलावलंसुद्धा नाही!”

बुवांनी आपला चिंचेनं चिकट झालेला हात वर केला आणि हलवला. बकुळ हसली. ती हसते कशी, हे मास्तर विसरले होते.

“नरहर, मी आत्ता तुला काय म्हणालो?”

“‘ये’ म्हणालात.”

“आणि तू काय करतोयस?”

“निघालोय. घरी जातोय.”

“मग ‘ये’ म्हणजे काय?”

मास्तरांनी तोंड उघडलं. आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन... सगळं जिभेवर होतं. इथं त्यातलं काही लागू पडेना.

“जाणाऱ्याला ‘जा’ म्हणू नये, बुवा...” शेवटी ते म्हणाले. “अशुभ असतं. तुम्हीच शिकवलंत.”

“हो... मीच शिकवलं.”

“तू शाळेला निघताना काय म्हणतोस?”

“‘येतो’.”

“रोज?”

“रोज. न चुकता.” बोलता बोलता मास्तरांचा आवाज उतरला.

“कुमुद दवाखान्यात गेली, तेव्हा पोरीला काय म्हणाली होती?”

मास्तर खांबाला धरून खाली बसले. त्या दिवशी घराच्या दारात रिक्षा उभी होती. कुमुदला धड उभंही राहवत नव्हतं, तरी ती उंबऱ्याशी वळली होती. हात हलवला होता.

“‘येते हं, बकुळ’ म्हणाली.”

“आणि तू?”

“मी म्हणालो... ‘ये’.”

त्यानंतर कुमुद त्या घरात आली नव्हती.

मांजर परत येऊन पायरीवर बसलं.

“तिला येत होतं,” मास्तर म्हणाले. “बुवा, तिला पाठ होतं सगळं. शब्द, चालणं, वळणं, हात... आम्ही जसं दाखवलं तसंच करत होती ती. आणि मी बरोबर उत्तराला मारत होतो.”

त्यांना रडू आवरेना. बुवांनी आवरायला सांगितलंही नाही. त्यांनी चिंच पुन्हा हातात घेतली, पण सोलली नाही.

“माझंही चुकलंच, नरहर,” ते एवढंच म्हणाले.

बकुळ अजून उंबऱ्यापाशीच उभी होती. हात दुखू लागला असावा, तरी थोडा थोडा हलवत होती. कुणीतरी निघायचं होतं आणि अजून कुणीच निघालं नव्हतं, म्हणून गोंधळली होती.

मास्तरांनी तोंड पुसलं. तिला हाक मारायला ओठ उघडले आणि तसेच मिटले.

“आता काय म्हणून बोलावू तिला, बुवा? तो शब्द तर मी नासवून ठेवला.”

बुवांनी दाराकडे पाहिलं.

“तिला ‘ये’ शिकवायचंय ना?”

“हो.”

“मग तिच्याकडे तू जा.”