मांडवासाठी वळवलेले जहाज

एका समुद्रकाठच्या राज्यात एक प्रचंड जहाज होते. त्याचे नाव महाकूर्म. त्याची पाठ मैदानासारखी सपाट होती आणि तिच्यावरून लढाऊ विमाने उडत.

आता जहाज कितीही मोठे म्हटले तरी विमानाला ते तोकडेच. जमिनीवर विमान हवे तेवढे धावू शकते. इथे जरा वेग घेतला की पुढे समुद्र. म्हणून महाकूर्मावर एक रीत होती. विमान सुटण्याआधी कप्तान अख्खे जहाज वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वळवी आणि भरधाव सोडी. समोरचा वारा पंखांखाली शिरे आणि विमानाला उचलून धरी. वारा समोर नसेल तर तेच विमान दगडासारखे खाली जाईल, हे जहाजावरच्या आचाऱ्यालाही ठाऊक होते.

वैमानिकाला मात्र आत बसल्यावर वारा कळत नसे. डोक्यावर काचेचे झाकण, मागे इंजिनाचा गडगडाट, चाकांपुढे लोखंडी अडसर. तो कप्तानाकडे पाही. कप्तानाने हिरवे निशाण दाखवले म्हणजे वारा समोर आहे. मग वैमानिक सलाम करी, अडसर खाली जाई आणि विमान सुटे. एकदा सुटले की थांबायला जागाच नसे.

महाकूर्माचे कप्तान हैबतराव. नव्या वैमानिकांना ते पहिल्याच दिवशी सांगत, "वारा बघणं माझं काम. तुम्ही फक्त उडायचं." आणि ते या शब्दाला जागत. त्यांच्या हाताखाली एकही विमान पाण्यात गेले नव्हते. मार्तंड नावाचा तरुण वैमानिक त्यांचा विशेष लाडका होता. त्याला त्यांनी स्वतः शिकवले होते.

पुढे आरमाराच्या प्रमुखाची, म्हणजे सरखेलाची जागा रिकामी झाली. ती हैबतरावांना मिळावी असे सगळ्यांनाच वाटत होते, हैबतरावांना तर जरा जास्तच. अशात राजाला विमाने उडताना पाहायची लहर आली. दिवाणजींनी जहाजाच्या पाठीवर मांडव घातला. लोड-तक्के आले, गुलाबपाणी आले, झेंडूच्या माळा लागल्या. उडण्याचा मान मार्तंडला मिळाला. त्याच्या आईलाही आमंत्रण गेले. बिचारी नवे लुगडे नेसून मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसली. तिने आजवर लेकाला उडताना पाहिले नव्हते.

हैबतरावांनी नेहमीप्रमाणे जहाज वाऱ्यावर घेतले. झाले! मांडव फडफडू लागला, सरबताचे पेले लवंडले आणि राजाचा जरीचा फेटा उडून समुद्रात गेला. दरबाऱ्यांनी हसू दाबले. राजाचे तोंड आंबट झाले. दिवाणजी धावत कप्तानाकडे आले.

"कप्तान, हा वारा आधी थांबवा."

"वारा कसा थांबवणार, दिवाणजी? जहाज उलटं वळवलं तर मांडवाला लागणार नाही, एवढंच."

"मग वळवा."

"वळवलं तर विमान उडणार नाही."

दिवाणजी हसले. "एवढं मोठं इंजिन काय शोभेला बसवलंय? आणि एक सांगतो. महाराज उद्या सरखेल नेमणार आहेत. आज त्यांचा मूड बिघडवू नका."

इंजिन ताकदीचे आहे, असे हैबतरावांनी स्वतःला सांगितले. मार्तंडचा हात चांगला आहे, असेही सांगितले. कदाचित निभावेल. हा 'कदाचित' दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला असता तर त्यांनी त्याला त्याच क्षणी जहाजावरून उतरवले असते. स्वतःच्या तोंडून आला तेव्हा मात्र त्यांनी जहाज वळवले.

वारा मागे पडला. मांडव शांत झाला. "आता कसं घरी बसल्यासारखं वाटतंय," राजा म्हणाला आणि दुसरा फेटा बांधू लागला.

मार्तंड विमानात तयार बसला होता. बाजूच्या मांडवाच्या माळा सरळ लोंबत होत्या. त्याने रेडिओवर विचारले, "कप्तानसाहेब, माळा हलत नाहीत. वारा आहे ना समोर?"

अजूनही वेळ गेली नव्हती. नाही म्हटले असते तर फार तर खेळ मोडला असता.

"आहे. तू नीघ," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी हिरवे निशाण दाखवले.

मार्तंडने सलाम केला. अडसर खाली गेला. विमान गर्जत धावले, टोकापर्यंत पोचले, क्षणभर हवेत तरंगल्यासारखे झाले आणि नाक खाली घालून पाण्यात गेले. मागून येणारे जहाज थांबेपर्यंत त्याच्यावरून पुढे निघून गेले होते.

राजाला वाटले, खेळ असाच असतो. त्याने टाळ्या वाजवल्या. राजाने वाजवल्या म्हणून दरबाराने वाजवल्या. सगळे वाजवतात म्हणून शेवटच्या रांगेत मार्तंडच्या आईनेही वाजवल्या.

पुढे चौकशी झाली. ती दिवाणजींनीच केली. वैमानिकाने घाई केली, असा निकाल लागला. हैबतरावांनी मान डोलावली. मार्तंडच्या आईला शाल आणि नारळ मिळाला. हैबतरावांना सरखेलपद मिळाले, आणि त्याचा सोहळा त्याच मांडवात झाला.

पण मार्तंडचा प्रश्न आणि कप्तानाचे उत्तर रेडिओवर सगळ्या वैमानिकांनी ऐकले होते. चौकशीत त्यांना कुणी काही विचारले नाही. त्यांनीही कुणाला काही सांगितले नाही.

वर्ष उलटले. एका सकाळी शत्रूची जहाजे राजधानीच्या बंदरावर चालून आली. सरखेल हैबतराव स्वतः महाकूर्मावर गेले. त्यांनी जहाज बरोबर वाऱ्यावर घेतले. वारा एवढा होता की पाय ठरत नव्हते. त्यांनी हिरवे निशाण उंच धरले.

पहिल्या विमानातून सलाम आला नाही. इंजिन बंद झाले. काचेचे झाकण उघडले आणि वैमानिक खाली उतरला. त्याने खिशातून रुमाल काढून वाऱ्यात धरला आणि तो कुठल्या बाजूला उडतो ते पाहिले.

"अरे, वेळ कशाला घालवतोस? वारा समोर आहे," हैबतराव ओरडले.

"मार्तंडलाही तुम्ही हेच सांगितलं होतं, साहेब," तो म्हणाला.

मागच्या विमानातला उतरला. त्याच्या मागचाही उतरला. प्रत्येकाने आपापला रुमाल धरला, मग पुन्हा चढून इंजिन सुरू केले. पहिले विमान आकाशात गेले तेव्हा बंदरावर धुराचे लोट उठले होते. जळणारी घरे कोळ्यांची होती आणि हमालांची होती. राजवाडा टेकडीवर होता, त्याला काही झाले नाही.

हैबतराव निशाण घेऊन उभेच होते. ते दोन्ही हातांनी धरावे लागत होते, इतके ते फडफडत होते. त्या दिवशी वारा खरोखरच समोर होता.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर दुसरे आपला जीव ठेवतात, त्याने तो शब्द एकदा विकला की पुढे त्याच्या खऱ्यावरही कुणी विसंबत नाही, आणि त्याची किंमत बहुधा त्यांनाच मोजावी लागते, ज्यांनी काहीच विकलेले नसते.