एका दोरीतले टाळ

डोंगरावरच्या देवीच्या देवळात वाद्यं आपसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. तिथे कोवळ्या वाद्यांचा मेळा भरे. संबळाची जोडी, एक नर आणि एक मादी, त्यांना ताल शिकवी. सगळे त्या दोघांना आजोबा-आजी म्हणत.

एके सकाळी एकाच दोरीत ओवलेले दोन टाळ मेळ्याच्या दाराशी आले.

"तुमच्यात मादी कोण?" आजोबांनी विचारलं.

"कोणीच नाही. आम्ही दोघेही नर, आणि जोडी आमचीच," धाकटा टाळ म्हणाला.

मेळ्यात खसखस पिकली. आजोबा चपापले. "देवीला हे चालायचं नाही. तू एकटा ये, बाळा. त्याचं नाव इथे काढू नकोस, म्हणजे झालं."

धाकट्याला मेळ्याची फार ओढ. दोरी सोडून, थोरल्याला दाराबाहेर ठेवून तो एकटाच आत आला. आरती सुरू झाली, पण त्याच्यातून आवाज निघेना. एकटा टाळ वाजणार कशावर?

आजी हळूच म्हणाली, "अहो, आपण नवे होतो तेव्हा तुमचा ठेका सारखा चुकायचा. कोणी सांभाळून घेतलं?"

आजोबांना गाभाऱ्यापाशी बसणारे ते म्हातारे टाळ आठवले. झिजून पातळ झालेले, तरी एकमेकांना बिलगलेले. देवीने वर्षानुवर्षं त्यांचीच किणकिण ऐकली होती. त्यांच्यात मादी कोण, हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

आजोबांनी आरती थांबवली.

"जा, त्याला घेऊन ये," ते धाकट्याला म्हणाले. "तोवर देवी थांबेल."