पालथ्या घड्याचा गुन्हेगार

खडकावतीच्या भूपाळराजाने गावतळ्याला कुंपण घातलं आणि त्यात स्वतःची नौका सोडली. बायकांनी दहा वेळा अर्ज केले. उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी! मग तुळजा कुंभारणीने अंगणात एक घडा पालथा ठेवला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि अकरा मैत्रिणींना पाठवला. खाली अक्षरही लिहिलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं!

राजालाही कळलं. त्याने त्याच दिवशी कायदा काढला: हा फोटो पाठवणं गुन्हा! सर्वांत जास्त मोबाइलवर जो पाठवेल, त्याला बारा वर्षं कोठडी!

शिपायांनी तुळजाला दरबारात उभं केलं.

"पहिला फोटो माझाच," ती म्हणाली, "पण अकराच जणींना पाठवला."

"मग सर्वांत जास्त कोणी पाठवला, ते तीन दिवसांत शोधून आण," राजा गरजला. "नाहीतर कोठडीत तू!"

हजारो मोबाइल, आणि दिवस तीन! पण तुळजा दारोदार फिरली. "तुम्हाला घडा कोणी पाठवला हो?" जो तो एकच उत्तर देई. तिसऱ्या दिवशी ती दरबारात आली, तेव्हा चक्क हसत होती.

"सापडला, महाराज! आम्हा बायकांचा घडा जेमतेम दोनशे मोबाइलवर गेला. या गड्याने झाडून साऱ्या राज्याला पाठवला!"

"नाव सांग त्याचं!"

तुळजाने मोबाइल पुढे धरला. वर पालथा घडा, त्याखाली 'असा फोटो कोणीही पाठवू नये', आणि तळाशी राजमुद्रा!

"नाव तुम्हीच वाचा, महाराज. थोरामोठ्यांचं नाव घ्यायची आम्हाला सवय नाही."

दिवाणजी कसेबसे पुटपुटले, "अगं, हा फोटो नव्हे, कायदा आहे!"

"होय का? मग कायद्यातला घडा सुलटा आहे का, दिवाणजी?"

राजाने मोबाइलकडे पाहिलं, दिवाणजींकडे पाहिलं. त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो खो खो हसत सुटला.

"बारा वर्षं मी कोठडीत, तर नौका कोण वल्हवणार? काढा ते कुंपण! आणि तळ्याची माती आजपासून या पोरीच्या घराण्याची! दिवाणजी, कायदा रद्द झाल्याचं सगळ्यांच्या मोबाइलवर कळवा."

"जरूर कळवा," तुळजा म्हणाली, "पण या खेपेला फोटो न लावता!"

राजा पुन्हा हसला, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने तिच्या ओंजळीत टाकलं.