अडुळशाला नावानं हाक

गोजरीची आई फुलांच्या वेण्या करून विकायची. पण आता खोकून खोकून तिनं अंथरूणच धरलं होतं. शेवंतीची इवली इवली पिवळी फुलं टोपलीतच सुकून चालली होती. चूलसुद्धा एक वेळच पेटत होती.

"रानात अडुळसा आहे गं," आई म्हणाली. "पण अंधार पडायच्या आत तोड. दिवस मावळला की झाडं झोपतात. आणि आधी नावानं हाक मार, विचार, मग पानाला हात लाव."

"घेतल्याशिवाय परत येत नाही," गोजरी म्हणाली आणि निघालीसुद्धा.

रान कसं होतं म्हणून सांगू! हिरवं, पोपटी, मोरपंखी, पानापानावर उन्हाचे सोनेरी ठिपके. पण प्रत्येक झाडाच्या गळ्यात एक चमचमती पाटी. एकीवर 'प्रीमियम ग्रीन एक्सपीरियन्स', दुसरीवर 'नेक्स्ट लेव्हल फ्रेशनेस'. आता याला काय म्हणावं? झाडं बिचारी पानं मिटून, माना खाली घालून उभी होती. अडुळसा कुठला, काही ओळखू येईना.

तेवढ्यात झुळकन एक छोटीशी परी उतरली. गुलाबी पंख, चांदीची छडी, केसांत काजवे.

"वेलकम, डिअर कस्टमर. मी तुझी विश एक्सपीरियन्स पार्टनर. एक इच्छा मिळेल. अटी लागू. इच्छा दुसऱ्यासाठी हवी आणि दिवस मावळायच्या आत हवी."

गोजरीला त्यातलं निम्मंच कळलं. "परीताई, माझ्या आईला खोकला झालाय. अडुळसा हवाय."

"अच्छा, म्हणजे टोटल ब्रीदिंग सोल्यूशन." परीनं छडी फिरवली. "टोटल ब्रीदिंग सोल्यूशन, हजर हो."

काही झालं नाही. तिनं पुढे 'अल्ट्रा' लावून पाहिलं, मागे 'प्लस' लावून पाहिलं. एक पान हलेल तर शपथ! ऊन टेकडीआड सरकू लागलं.

परी मटकन खाली बसली. "शहरातल्या एका परीनं हे भारी भारी शब्द शिकवले. झाडांच्या गळ्यात या पाट्याही मीच बांधल्या. वाटलं, लोक मान देतील. तेव्हापासून एक झाड माझं ऐकत नाही, एक इच्छा पुरी होत नाही."

घ्या, नसते शब्द आणि नसता ताप.

रडू तर गोजरीलाही येत होतं. पण रडत बसली तर आईचं काय? तिनं परकर खोचला आणि एकेक पाटी उतरवायला लागली.

"अडुळशा, ए अडुळशा, कुठे आहेस रे? आईला खोकला झालाय. चार पानं देशील का?"

घसा बसला, बोटं खरचटली, तरी ती थांबली नाही. शेवटी ओढ्याकाठच्या एका झुडपानं मान वर केली. पांढरी चिमुकली फुलं डोलली आणि हिरवीगार पानं गोजरीच्या ओंजळीत पडली.

परी डोळे पुसत जवळ आली. "तुझी इच्छा अजून बाकी आहे."

"मग ती तूच बोल. साधं बोल. जमेल तुला."

परी लाजली, जरा अडखळली. "गोजरीची आई, बरी हो."

छडी लखलखली. रानभर उरलेल्या पाट्या गळून पडल्या आणि झाडांनी माना उचलल्या. परी खुदकन हसली आणि त्या सोनेरी उजेडात दिसेनाशी झाली.

गोजरीनं घरी जाऊन काढा केला. सकाळी बघते तर आई उठून शेवंती गुंफत बसलेली, खोकल्याचं नाव नाही.

"एवढ्या रानात एकटीच होतीस का गं?" आईनं विचारलं.

"नाही. परी होती," गोजरी म्हणाली. "नुसती परी."