महापौर कासव आणि घाबरट सशीण

एका जंगलात, तळ्याच्या बांधाखाली, प्राण्यांनी वसवलेलं एक नगर होतं आणि एक कासव त्या नगराचे महापौर होते. किती वर्षं? बावीस. तुमच्या आईबाबांच्या लग्नाच्याही आधीपासून, असं समजा.

ते सुरुवातीला फार कामाचे होते, हे आधीच सांगते. नाहीतर वाटायचं, मी त्यांना नावं ठेवायला बसले आहे. जादा पाणी वाहून जायला बांधाला वाट त्यांनीच करवून घेतली. कुणाचं बीळ कुठे, तेही त्यांनीच ठरवून दिलं, म्हणून भांडणं मिटली. वर्षातून एकदा ते प्रत्येकाच्या दारात जायचे. चालत. त्या फेरीला दोन महिने लागायचे, पण जायचे. स्वभाव मात्र संकोची. दर वर्षी थंडी पडू लागली की सगळे तळ्याकाठच्या सपाट खडकापाशी जमत आणि कोल्हा विचारी, "महापौर, याही वर्षी तुम्हीच ना?" कासव लाजून मान कवचात ओढून घेत. सगळे हसत आणि आपापल्या घरी जात. हळूहळू तो रिवाजच पडला. मान आत आणि शब्द नाही, म्हणजे होकार. नको असेल तर मान बाहेर काढून सांगतीलच की! पुढे सगळीच कामं अशी होऊ लागली. कोल्ह्याने विचारायचं, महापौरांनी गप्प राहायचं, काम मंजूर.

त्याच नगरात एक सशीण राहत असे. तिची चार पिल्लं अजून नीट चालतही नव्हती. तिला घारीची भीती वाटे, सापाची वाटे, पिल्लू शिंकलं तरी वाटे. सगळे तिला घाबरट म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिचं स्वतःचं मतही फार वेगळं नव्हतं. एका सकाळी तिला बिळाची मागची भिंत ओली लागली. "मला मेलीला कुठेही संकटच दिसतं," असं म्हणून तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाणी पिल्लांच्या अंथरुणाच्या गवतापर्यंत आलं होतं.

ती धावत साळिंदराकडे गेली. नगरातलं खणायचं काम त्याच्याकडे असे. "साळिंदरकाका, बांध पाझरतोय. माती ओढायला चला ना!"

"महापौरांना विचारलंस?"

"तुम्ही येऊन बघा तरी आधी."

"बघायचं काय त्यात? मंजूर झालं की आलोच."

खडकापाशी नेहमीसारखी रांग होती. साळिंदरही तिच्या मागोमाग येऊन रांगेच्या टोकाला उभं राहिलं. कोल्हा म्हणाला, "काय गं, आज कोणती घार दिसली?"

"घार नाही. बांध पाझरतोय."

कोल्हा कवचाकडे वळला. "महापौर, बांध ठणठणीत आहे ना?" कवच गप्प. "झालं! ठणठणीत आहे. जा घरी, पिल्लं वाट बघत असतील."

पण सशीण घरी गेली नाही. ती कवचाच्या अगदी जवळ गेली. इतक्या जवळ कित्येक वर्षांत कुणी गेलं नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं. कवचावर शेवाळ वाळून काळं झालं होतं. मानेच्या भोकातून मुंग्यांची ओळ आत जात होती आणि शेपटीच्या बाजूने बाहेर पडत होती. तिने कान लावला. तिच्याच छातीची धडधड तेवढी ऐकू आली. मग तिने वाकून आत पाहिलं. आत पलीकडचं तळं दिसत होतं.

"आत कुणी नाही," ती म्हणाली.

रांगेतली एक मैना पंख साफ करत राहिली.

"अहो, आत कुणीच नाहीये!"

"ताई, दमली आहेस तू," कोल्हा अगदी मायेने म्हणाला. "पिल्लं लहान असली की होतं असं."

आणि क्षणभर तिला ते पटलंसुद्धा. तीन रात्री तिला झोप नव्हती. तिने पुन्हा वाकून पाहिलं. तळंच होतं.

तेवढ्यात तिला पिल्लांखालचं ओलं गवत आठवलं. ती कवचासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "महापौर, बांध फुटणार आहे ना?"

कवच गप्प. रांगेत कुजबुज झाली.

"साळिंदरकाकांनी आत्ताच्या आत्ता माती ओढायला हवी ना?"

कवच गप्प. कोल्ह्याची पंचाईत झाली. हा होकार नाही म्हणावं, तर आजवरचे सगळे होकार कसले होते? मागे साळिंदराचे काटे खळखळले. "मंजूर!" असं म्हणत ते बांधाकडे पळालं.

संध्याकाळपर्यंत पाझर बुजला. बिळाच्या भिंतीमागे, बांधात, हरीण बसेल एवढी पोकळी झाली होती. आणखी एक दिवस गेला असता, तर बांधाखाली कुणीच उरलं नसतं. त्या दिवशी पिल्लं कोरड्या गवतावर झोपली.

दुसऱ्या सकाळी सशिणीच्या दाराशी रांग. "ताई, आमचंही विचार ना महापौरांना. तू विचारलंस की बरोबर उत्तर येतं."

तिला राहवेना. "ऐका, महापौर नाहीत. प्रश्न माझा होता आणि उत्तरही माझंच होतं."

कुणीही दचकलं नाही. ते पाहून तिच्या अंगावर काटा आला.

साळिंदर हळूच म्हणालं, "ते आम्हाला ठाऊक आहे गं पोरी. चार हिवाळे झाले. तू फक्त विचारत जा. तुझे प्रश्न बरे असतात."

तिकडे खडकावर कोल्हा थोडा सरकून बसला होता आणि शेजारची जागा शेपटीने झाडत होता.

सशीण आत गेली. जन्मभर घाबरट म्हणवून घेतलेल्याला अशी जागा नकोशी वाटत नाही. ती बराच वेळ विचार करत बसली, इतका वेळ, की तिला स्वतःचीच भीती वाटली. आठवड्याने पिल्लं चालू लागताच ती त्यांना घेऊन पलीकडच्या माळावर निघाली. तिने कुणाची परवानगी घेतली नाही आणि तिला कुणी अडवलंही नाही. चढावरून तिने एकदा खाली पाहिलं. कोल्हा काहीतरी विचारत होता, आणि सगळे चेहरे त्या कवचाकडे लागले होते, अगदी समाधानी.

तात्पर्य : ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'च्या भरवशावर आपली पिल्लं झोपवू नयेत.