एका इवलीच्या दोन इवल्या

केतकी निघाली बाबांच्या चपला घालून. फटक फटक, फटक फटक. केवढ्या त्या चपला, केवढीशी केतकी! व्हायचं तेच झालं.
धप्प!
केतकीचा गुडघा खरचटला.

त्या गुडघ्यावर राहायची इवली. इवली म्हणजे कातडीची एक पेशी. पेशी केवढी असते? मुंगीच्या डोळ्याहून लहान! अशा पुष्कळ पुष्कळ पेशी दाटीवाटीने बसल्या, की त्यांची होते कातडी. कातडी सगळं अंग झाकते.

इवलीच्या शेजारी राहायची पिटुकली. केतकी पडली आणि पिटुकली फरशीला घासून गेली. सर्रकन! गेली ती गेलीच.

इवलीच्या शेजारी झाला खड्डा. गार वारा झोंबू लागला. इवलीला आलं रडू. डोळे नव्हते तिला, पण रडू आलं. मग ती म्हणाली, "रडून काय होणार? मी एकीच्या दोन होते. म्हणजे मला शेजारीण मिळेल. पण त्याला खाऊ हवा!"

इवली निघाली. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

वाटेत भेटले रक्तकाका. लाल लाल, सळसळ सळसळ. काका अंगभर फिरायचे, सगळ्यांना जोडायचे, घरोघर खाऊ पोचवायचे.
"रक्तकाका, रक्तकाका,
मी एकटी, मला व्हायचंय दोन,
मला मदत करणार कोण?"
काका म्हणाले, "माझी टोपली रिकामी. पोटातला स्नायूमामा घुसळेल, तर मी खाऊ देईन."

इवली निघाली. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

पोटात बसले होते स्नायूमामा. अंग हलवायचं काम मामांचं. पण आज मामा गप्प.
"स्नायूमामा, स्नायूमामा,
रक्तकाका खाऊ देईना,
मी एकटी, मला व्हायचंय दोन,
मला मदत करणार कोण?"
मामा म्हणाले, "उगाच कशाला घुसळू? चेताताई सांगेल, तर मी घुसळेन."

इवली निघाली. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

चेताताई होती लांबच लांब, दोऱ्यासारखी. इकडची बातमी तिकडे कळवायची. टिंग टिंग!
"चेताताई, चेताताई,
स्नायूमामा घुसळेना,
रक्तकाका खाऊ देईना,
मी एकटी, मला व्हायचंय दोन,
मला मदत करणार कोण?"
ताई म्हणाली, "खोटी बातमी मी देत नाही हं! केतकी घास खाईल, तर मी सांगेन."

इवली परत आली गुडघ्यावर. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक. तिथून ओरडली. एवढीशी इवली केतकीला ऐकू कशी आली? गोष्टीत येतं ऐकू. मधे बोलायचं नाही!
"केतकी गं, केतकी,
चेताताई सांगेना,
स्नायूमामा घुसळेना,
रक्तकाका खाऊ देईना,
मी एकटी, मला व्हायचंय दोन,
मला मदत करणार कोण?"
समोर होता मऊ मऊ मेतकूट-भात. केतकीने तोंड केलं घट्ट बंद. मग जरासं उघडून म्हणाली, "आई फुंकर घालेल, तर मी घास खाईन."

आईने गुडघा धुतला होता. आई खाली वाकली होती.
"केतकीची आई, केतकीची आई,
केतकी घास खाईना,
चेताताई सांगेना,
स्नायूमामा घुसळेना,
रक्तकाका खाऊ देईना,
मी एकटी, मला व्हायचंय दोन,
मला मदत करणार कोण?"
आई म्हणाली, "बघ ना, हिचं बोट सारखं तिथेच! बोट बाजूला होईल, तर मी फुंकर घालेन."

खरंच की! केतकीचं बोट आलं पुन्हा. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. इवलीच्या अगदी डोक्यावर! इवली घाबरली. पण पळाली नाही.
"बोटा रे, बोटा,
आई फुंकर घालीना,
केतकी घास खाईना,
चेताताई सांगेना,
स्नायूमामा घुसळेना,
रक्तकाका खाऊ देईना,
मी एकटी, मला व्हायचंय दोन,
मला मदत करणार कोण?"

बोट थांबलं. बोटाच्या टोकावर कोण होतं? कातडीच! तिथल्या पेशी खाली डोकावल्या.
"अगं बाई! ही तर आपल्यातलीच!"
"कुणाची गं तू?"
"गुडघ्याची," इवली म्हणाली.
"आणि आम्ही बोटाच्या. म्हणजे आम्ही तुझ्या मावश्या! आम्हाला वाटलं, इथे काय झालंय ते बघावं. तुला दुखत असेल, हे लक्षातच आलं नाही बाळा!"
मावश्यांनी काही मागितलं नाही. 'तर' नाही, 'मग' नाही. बोट झालं बाजूला. चट्कन!

बोट झालं बाजूला, आईने घातली फुंकर. फू... फू...
आईने घातली फुंकर, केतकीने खाल्ला घास. मम् मम्!
केतकीने खाल्ला घास, चेताताईने सांगितलं. टिंग टिंग!
चेताताईने सांगितलं, स्नायूमामांनी घुसळलं. घुसळ घुसळ!
स्नायूमामांनी घुसळलं, रक्तकाकांनी आणला खाऊ. सळसळ सळसळ!
आणि इवलीने खाल्ला. सगळा खाल्ला!

इवली झाली गोल गुबगुबीत. तिच्या पोटात होते बारीक बारीक दोरे, इवली कशी घडवायची ते सांगणारे. प्रत्येक दोऱ्याचा तिने केला एक जुळा. जोडीतला एक गेला इकडे, एक गेला तिकडे. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. मग इवलीची कंबर झाली बारीक. अजून बारीक. अजून अजून बारीक...
टुप्प!
एकीच्या दोन!

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.
"तू कोण?"
"मी इवली. तू कोण?"
"मीच इवली!"
आणि दोघी खुदूखुदू हसल्या. "मग बस ना इथे. ही पिटुकलीची जागा."
आता वारा झोंबत नव्हता.

दोघींच्या झाल्या चार, चौघींच्या झाल्या आठ. काही दिवसांत खड्डा गेला भरून. वर धरलेली खपली पडली आपली आपण. टप्!

केतकी उठली. बाबांच्या चपला घातल्या. फटक फटक, फटक फटक.
धप्प!
"आई गं!" दुसरा गुडघा.

केतकीचं बोट निघालं तिकडे. टुचुक... पण मधेच थांबलं. बोटावरच्या मावश्या ओरडल्या, "थांबा गं! तिथेही आपली एक भाची राहते!"
बोट गेलं पाठीमागे. आणि केतकीने आपला गुडघा केला आईपुढे.
फू... फू...

गोष्टीवर धरली खपली,
टप्कन पडली, गोष्ट संपली!