दोर धरणारा मेहुणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती. एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं आणि ते मधावर जगायचं. एकाने वेलींच्या दोराला लोंबकळत कड्यातलं पोळं काढायचं, दुसऱ्याने वर दोर धरायचा. रिवाज असा, की दोर धरायचा तो मेहुण्यानेच. बहिणीचं कुंकू भावाच्या मुठीत!

त्या गावात एक मेहुणा होता. दोर तो वीत वीत चाचपायचा, मग पुन्हा पहिल्यापासून चाचपायचा. एका झाडाला वेढा देऊन त्याचं समाधान व्हायचं नाही, दोन झाडं हवीत. एवढं करूनही हात थरथरायचेच. गाव त्याला 'भित्री भागूबाई' म्हणायचं. बिचाऱ्याला स्वतःलाही ते खरंच वाटायचं.

एकदा कड्यात मोठं पोळं धरलं. बहिणीचा नवरा म्हणाला, "मेहुणे, आज तुम्ही घरीच बसा. तुमची थरथर दोरावाटे खाली माझ्यापर्यंत येते हो! दोर माझा मित्र धरेल. भीती म्हणजे काय, तेच त्याला ठाऊक नाही."

 पण मेहुणा घरी कसा बसणार? "टोपली उचलायला कुणी हवं ना," असं पुटपुटत तो मागोमाग गेला.

मित्राने एकाच झाडाला एक वेढा दिला आणि गाणं गुणगुणत दोर खाली सोडला. दाजी पोळ्यापर्यंत पोचले, तोच वारा फिरला. माशा पांगवायला केलेला धूर भलतीकडे गेला आणि माशा उठल्या.

मित्राला पहिली माशी डसली. भीती त्याला जन्मात प्रथमच भेटत होती. तिच्याशी कसं वागायचं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? दोर टाकून तो पळत सुटला.

दोर सरसर सुटू लागला. मेहुण्याने टोपली फेकून त्यावर झडप घातली. भीती तर त्याची रोजची सोबतीण. माशा डसत होत्या, पण मूठ सुटली नाही. वीत वीत करून त्याने दाजींना वर घेतलं.

संध्याकाळी बहीण त्याच्या सुजलेल्या तोंडाला चुना लावत होती. दाजींनी खालमानेने विचारलं, "मेहुणे, भीती नाही वाटली?"

"वाटली तर! इतकी वाटली की मूठ उघडेचना."

"दादा, हलू नकोस रे," म्हणत बहीण रडता रडता हसली.

तेव्हापासून त्या गावात कड्याखाली उतरणारा आधी मागे वळून विचारतो, "मेहुणे, घाबरलात का?" 'हो' असं उत्तर आलं, तरच तो पाय खाली सोडतो.

तात्पर्य: कुणाला भित्रा म्हणण्याआधी, तो कोणासाठी घाबरतो ते पाहावं.